आठ सेकंदांची कुस्ती

शेळी पडली तसा सभागृहात हशा पिकला.

सभागृह म्हणजे आटपाडीतल्या एका कॉलेजचा लांबट हॉल, आणि पडदा म्हणजे भिंतीवर ताणून बांधलेली पांढरी चादर. तिच्यावर परदेशातल्या एका कुरणाची चित्रफीत चालू होती. एक माणूस कळपाजवळ जातो आणि छत्री फटकन उघडतो. शेळ्या दचकतात. पण पळायच्या ऐवजी त्यांचे पाय काठीसारखे ताठ होतात आणि दोन-तीन जणी तशाच आडव्या होतात. दहा-पंधरा सेकंदांनी उठतात आणि काही झालंच नाही अशा थाटात चरायला लागतात.

"मॅडम, आंत्रविषार झालाय तिला," मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला.

"लस टोचली नसंल," दुसरा म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले.

प्रत्येकाच्या घरी शेळ्या-मेंढ्या असलेली ती मुलं. शेळ्यांतलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मीही हसले. दोन हजार दहा सालच्या विज्ञान दिनाची ही गोष्ट. मी तेव्हा तेहेतीस वर्षांची होते आणि पुण्यात माझी स्वतःची प्रयोगशाळा सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. आपल्या पेशींच्या भिंतीला अतिशय बारीक दारं असतात, त्यांतून क्षारांचे कण आत-बाहेर करतात. त्या दारांना आयन चॅनेल म्हणतात. कुठलं दार कुठल्या आजारात बिघडतं आणि कुठलं औषध कुठल्या दारावर चालतं, हे शोधणं माझं काम. त्या शेळ्यांच्या स्नायूंतलं क्लोराइडचं दार नीट उघडत नाही. त्यामुळे एकदा आवळलेला स्नायू लवकर सैल पडत नाही. क्वचित माणसांतही हे असतं, असं सांगून मी भाषण संपवलं.

हॉलमध्ये एकच माणूस हसला नव्हता. दाराशी उभा असलेला, चाळिशीला आलेला, दंड शर्टाच्या बाहीत मावत नव्हते असा शिपाई. कार्यक्रम संपल्यावर त्यानंच माझी बॅग जीपपर्यंत आणली.

"द्या," म्हणून मी हात पुढे केला. बॅग त्याच्या हातून सुटेना. मी जरा ओढली. तो तसाच उभा, नजर दुसरीकडे.

"ओढू नका मॅडम. सुटंल आपोआप."

पट्ट्याभोवती त्याची बोटं पांढरी पडली होती. मग एकेक करून ती सैल झाली. मी मनात मोजत होते. अकरा सेकंद लागले.

"बराच वेळ बसून एकदम उठलात की पायांचंही असंच होतं ना?" मी विचारलं. "आणि चार पावलं टाकली की मोकळं वाटतं?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "तुमाला कुणी सांगितलं?"

"शेळ्यांनी."

पहिल्यांदाच तो थोडा हसला. त्याचं नाव महादेव यमगर. आजवर तीन डॉक्टर झाले होते. एकानं कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या, दुसऱ्यानं मनाचा रोग सांगितला होता, तिसऱ्यानं व्यायाम कमी कर म्हटलं होतं. महादेवनं जन्मात कधी व्यायाम केला नव्हता.

"त्या शेळीला औषध काय देत्यात?"

"शेळीला काही देत नाहीत. माणसाला देता येतं. तुमच्या घरी आणखी कुणाला आहे?"

"बहिणीला न्हाई. वडलांना हाय." तो थांबला. "पर ते कबूल करणार न्हाईत."

मला राहवेना. असं घराणं लाखात एखादं सापडतं. पुस्तकात वाचलेला आजार माझी बॅग धरून उभा होता. मी महादेवला सोबत घेतलं आणि ड्रायव्हरला सांगून जीप पुण्याऐवजी त्याच्या गावाकडे, लिंगाचीवाडीकडे वळवली.

महादेवचे वडील, बिरा यमगर, अंगणात मेंढीची लोकर कातरत बसले होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, पण मान खांद्यात मिसळलेली आणि छाती पिंपासारखी. या आजारात स्नायू सतत आवळत राहतात, त्यामुळे न कमावता अंग कमावल्यासारखं दिसतं. आबांनी तर कमावलंही होतं. कातर खाली ठेवताना त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं हळूच सोडवली. इतक्या सराईतपणे, की शोधायला आलेल्या माणसालाच ते दिसावं.

मी बसले, चहा घेतला आणि सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "आबा, थोडंसं रक्त दिलंत तर फार मोठं काम होईल."

"मला काय झालेलं न्हाई, बाई. म्हाताऱ्याचं सांधं धरत्यात."

"सांध्यांचं नाही हे. तुमच्यामुळे पुढच्या कितीतरी लोकांना…"

"माझ्यामुळं जे व्हायचं हुतं ते एकदा हून गेलंय," आबा म्हणाले आणि त्यांनी मेंढी पुन्हा गुडघ्यात धरली. बोलणं संपलं होतं. मी महादेवकडे पाहिलं. तो चहाच्या कपांकडे पाहत होता.

महादेवनं मात्र पाठ सोडली नाही. पुढच्याच आठवड्यात तो सांगलीला डॉक्टर मुजावरांकडे गेला. मुजावर माझ्या ओळखीचे, मेंदू आणि स्नायूंच्या आजारांचे डॉक्टर. त्यांनी महादेवच्या दंडात बारीक सुई घालून यंत्राला जोडली. निरोगी माणसाचा विसावलेला स्नायू गप्प असतो. महादेवचा दंड स्पीकरमधून घरघरायला लागला, आवाज चढे आणि उतरे.

"डॉक्टर, माझ्या दंडात राजदूत फटफटी चालू हाय की," महादेव म्हणाला. मुजावर हे मला फोनवर सांगताना इतके हसले की दोनदा थांबावं लागलं.

त्यांनी आधी हृदयाची तपासणी केली आणि मग एक जुनं औषध सुरू केलं. खरं तर ते हृदयाचे ठोके ताळ्यावर आणायचं औषध. ते क्लोराइडचं बिघडलेलं दार दुरुस्त करत नाही. ते शेजारचं सोडियमचं दार थोडं आवरून धरतं, म्हणजे स्नायूची विनाकारण चाललेली धडपड थांबते. तीन आठवड्यांनी महादेवचा फोन आला.

"मॅडम, आज घंटेचा टोला दिला आणि हातोडी लगेच खाली ठेवली. प्राचार्य म्हनले, यमगर, आज घाई कसली?"

इकडे माझ्या प्रयोगशाळेत महादेवचं रक्त होतं आणि त्याच्या बहिणीचंही. क्लोराइडच्या दाराचा जो आराखडा आपल्या शरीरात लिहिलेला असतो, त्यात महादेवच्या बाबतीत एकच अक्षर बदललेलं निघालं. बहिणीत तो बदल नव्हता. जगात आधी कुणी हा बदल नोंदवला नव्हता. मी आणि माझी विद्यार्थिनी केतकी, आम्ही तोच बदल साध्या पेशींत घातला आणि केसापेक्षा बारीक काचेची नळी एकेका पेशीला चिकटवून तिच्यातला प्रवाह मोजायला लागलो. दहातल्या नऊ पेशी मरायच्या. जी जगायची तिचं दार उघडायचं, पण कुरकुरत, अर्धवट आणि उशिरा.

मी नाचायचीच बाकी होते. आमचे विभागप्रमुख मात्र चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "दोन माणसांवर काय सिद्ध होतं? बाप कुठाय? अनुदानाचं एक वर्ष उरलंय, दाभाडे. शेळ्या दाखवून ते वाढत नाही."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आजार बापाकडून आला असेल, तर हेच अक्षर बापातही बदललेलं दिसायला हवं. आबांशिवाय माझं काम अर्धंच होतं.

मे महिन्यात मी पुन्हा लिंगाचीवाडीला गेले. मुजावरांनी रक्त घ्यायला एक सिस्टर सोबत दिली होती. तिला मी जीपमध्येच बसायला सांगितलं. आबा लिंबाखाली बाजेवर होते. मी रक्ताचा विषयच काढला नाही. "तुम्हाला शेळ्या दाखवायला आणल्यात," म्हणाले आणि त्यांच्या पुढ्यात लॅपटॉप उघडला.

छत्री उघडली, शेळ्या पडल्या. आबा खदखदून हसले. "कुठली जात म्हनायची ही? परत लावा."

मी परत लावली. या वेळी ते कमी हसले. "परत."

तिसऱ्यांदा ते हसलेच नाहीत. ताठ पायांनी पडलेली शेळी पडद्यावर होती, तिच्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "ह्या शेळीनं कुणाचं पैसं घेतलं हुतं?"

मला वाटलं ते गंमत करतायत. मी हसले. मग महादेवचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

"सांगू का, आबा?" महादेवनं विचारलं.

"तू काय सांगतोस? तू जन्माला कुटं आला हुतास," आबा म्हणाले, आणि त्यांनीच सांगितलं.

एकोणीसशे अडुसष्ट साल. पौषातली जत्रा. बिरा यमगर तेव्हा सत्तावीस वर्षांचा, तालुक्यातला नावाजलेला मल्ल. शेवटची, मानाची कुस्ती त्याची होती, शेजारच्या गावच्या शामराव पुकळेबरोबर. शामराव चांगला, पण बिरासमोर उणा. बिरा जिंकणार हे सगळ्यांनी धरलेलं. पंचांनी इशारा दिला, शामराव पुढे आला आणि बिरा जागचा हललाच नाही. आठव्या सेकंदाला तो पाठीवर होता, आभाळाकडे बघत.

"क्षणभर कुणाला काय सुदरंना," आबा म्हणाले. "मग एक जण वरडला, कुस्ती इकली. मग समदेच. वस्तादानं इचारलं, काय झालं? मी म्हनलो, अडकलो. वस्ताद थुकला आनि गेला. परत कवा बोलला न्हाई. मेला तवा मी खांदा द्यायला गेलो, तर त्याच्या पोरानं बाजूला केलं."

त्या दिवसापासून आबा आखाड्यात गेले नव्हते. जत्रेत लाल मातीकडची बाजू सोडून देवळाला वळसा घालून जायचे. बेचाळीस वर्षं.

माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट बसत नव्हती.

"आबा, त्याआधी तुम्ही कितीतरी कुस्त्या मारल्या. तेव्हा कसे अडकला नाहीत?"

"आधी बैठका मारायचो. पन्नास, शंभर, अंगातनं घाम निघंस्तवर. लहानपनापासनं ठावं हुतं, अंग तापलं की मी मोकळा. पुकारा झाला की तसाच आत."

"मग त्या दिवशी नाही मारल्या?"

"मारल्या की. पर पावनं उशिरा आलं. मग भाषनं सुरू झाली. एक झालं, दुसरं झालं. आमी दोगं मातीच्या कडंला बसून. वारं गार. मी मधी उठाया लागलो तर वस्तादानं खांदा दाबला. म्हनला, पावन्यांफुडं उठाबश्या काढू नगंस, बरं दिसत न्हाई."

"किती वेळ बसला होता?"

"तासभर. जास्तीच."

प्रयोगशाळेत आम्ही पेशीला विसावू द्यायचो आणि मग एकदम झटका द्यायचो. सगळ्यात वाईट आकडे तेव्हाच यायचे.

"आबा," मी म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसाला अडकवायचं असेल तर नेमकं हेच करावं लागेल. तापलेलं अंग तासभर गारठ्यात बसवायचं आणि मग एकदम उठवायचं. तुम्हाला पाहुण्यांच्या भाषणांनी पाडलं."

आबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग महादेवकडे. मग म्हणाले, "बाई, तुमचा कागुद काढा."

महादेवनं त्यांना संमतिपत्र वाचून दाखवलं आणि सिस्टरला बोलावलं. आबांनी एकेक अक्षर कोरत सही केली. पेन बोटांत अडकलं. या वेळी त्यांनी डाव्या हातानं बोटं सोडवली नाहीत. हात तसाच माझ्यासमोर धरला.

"बगा," ते म्हणाले.

मी पाहिलं. महादेवनंही पाहिलं. मला वाटतं, बापाचा अडकलेला हात त्यानं तेव्हा पहिल्यांदा उघड पाहिला.

आबांच्या रक्तात तेच अक्षर बदललेलं निघालं. केतकीनं आणखी सत्तर पेशी मोजल्या, दार तसंच कुरकुरत राहिलं आणि औषधानं महादेवच्या दंडाची धडपड थांबते हेही मुजावरांच्या यंत्राच्या आकड्यांत दिसलं. विभागप्रमुखांनी कागद दोनदा वाचले आणि चष्मा नाकावर घेतला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्पहारच.

डिसेंबरात मी निकाल सांगायला वाडीवर गेले, तर बाजेवर आबांच्या शेजारी आणखी एक म्हातारा बसलेला. उंच, वाळका, मोठा फेटा.

"हा शामराव पुकळे," आबा म्हणाले. "मीच सांगावा धाडला. त्याच्या म्होरं सांगा."

बेचाळीस वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. मी लॅपटॉप उघडला, आलेख दाखवला. निरोगी दाराची रेघ टेकडीसारखी चढत होती. आबांच्या दाराची रेघ जेमतेम बांधाएवढी. शामराव अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"म्हंजे त्या दिवशी ह्यानं पैसं घेतलं न्हवतं, असं लिवून देता?"

"त्या दिवशीचं मी पाहिलेलं नाही, ते लिहून देता येणार नाही," मी म्हणाले. "यांचं अंग जन्मापासून असं आहे, आणि तासभर गारठ्यात बसून एकदम उठलं तर ते अडकणारच, एवढं लिहून देते."

म्हातारा मांडीवरचा फेटा चाचपत राहिला. मला वाटलं, त्याला राग आलाय. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कुस्ती मी त्याच्या हातून काढून घेत होते.

"मलाबी ठावं न्हवतं," तो शेवटी म्हणाला. "बिरा हलंना तवा मला बी वाटलं, ह्यो इकला गेला. मग इचार केला, इकत कुनी घेतला? आमच्याच वस्तादानं? म्हातारा मला ल्येकासारखा वागवायचा. त्याला कवा इचारायचं धाडस झालं न्हाई. तो मेला तरी मनात त्येच. लोक म्हनायचे, पुकळ्याची कुस्ती बाजारातली. मी काय बोलनार? मला वाटायचं, खरं बी आसंल."

आबा त्याच्याकडे बघत होते. हे त्यांनाही नवीन होतं.

"तुझ्या वस्तादानं एक पै दिली न्हाई मला," आबा म्हणाले. "देवाशपथ."

"आता कळलं की," शामराव अण्णा म्हणाले आणि त्यांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "बिरा, पावनं येळंवर आलं असतं तर?"

"तर तू पडला असतास."

"पडलो असतो," अण्णा म्हणाले. "दुसऱ्या मिनटाला."

"पहिल्या," आबा म्हणाले.

त्यावरून दोघांत जे जुंपलं ते जेवणाची ताटं येईपर्यंत. कुठला डाव, कुठली पकड, कुणाचा पट निघाला असता. मला एक अक्षर कळलं नाही. महादेवची बायको शालन भाकरी वाढताना म्हणाली, "मामंजी एवढं बोलत्यात, हे मी लग्न झाल्यापासनं ऐकलं न्हवतं."

औषध मात्र आबांनी घेतलं नाही. मुजावरांनी समजावलं, मी समजावलं. "धा बैठका मारल्या की मी मोकळा हुतो," ते म्हणाले. "तेवडीच सवय ऱ्हाती."

पौषातल्या जत्रेला मला बोलावणं होतं, पण त्याच दिवशी पुण्यात परीक्षा होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच महादेवचा फोन आला. शामराव अण्णांनी शेवटच्या कुस्तीआधी सरळ माईक हातात घेतला होता.

"धा मिनटं बोलले, मॅडम. तुमचं नावबी घेतलं. दाभाडे बाई पुन्याच्या. क्लोराइडच्या जागी क्लोरीन म्हनले, आणि म्हनले बिराच्या अंगातल्या दारांच्या बिजागऱ्या गंजलेल्या हैत, ही जन्माची गोष्ट हाय, आनि जो कोन बिराला इकला म्हनला त्यानं मला म्होरं यून सांगावं."

"आलं कुणी पुढे?"

"कोन येतंय? अण्णा सत्तरीचे, पर आवाज बगा त्यांचा."

"आणि आबा?"

"आबा पहिल्या रांगेत. फेटा बांधला त्यांना. तिथनं हललेच न्हाईत."

"लोक काय म्हणाले?"

महादेव हसला. "लोक म्हनले, आमाला तर पहिल्यापासनंच ठावं हुतं. बिरा असं करनारा मानूसच न्हवं. ज्येच्या त्येच्या तोंडात त्येच. थांबा, आबा मागत्यात फोन."

फोनवर जरा खुडबुड झाली. आबांना फोन उलटा धरायची सवय होती, तो महादेवनं सरळ करून दिला असावा.

"बाई," आबा म्हणाले, "समदे लबाड बोलत्यात. पर ग्वाड वाटलं."